जपणारे आणि पाहणारे : राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची वाटचाल

पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर, पुणे–नाशिक रस्त्यावर वसलेले मंचर हे आंबेगाव तालुक्यातील बाजाराचे मोठे गाव असून, भारतीय चित्रपटाच्या इतिहासाकडे पाहू लागल्यास या रस्त्याची दोन्ही टोके सारखीच महत्त्वाची ठरतात. उत्तरेच्या टोकाला दादासाहेब फाळके यांचे नाशिक आहे, जिथे १९१८मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. आणि दक्षिणेच्या टोकाला प्रभात फिल्म कंपनीचे पुणे आहे, जिथे फेब्रुवारी १९६४मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाने राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले. चित्रपटांच्या प्रती मिळवणे, त्या ओळखून त्यांची सूची करणे, त्यांची डागडुजी करणे आणि त्या पुन्हा दाखवणे अशी चारही कामे करणारी ही संस्था सरकारी असली, तरी तिचा इतिहास शासननिर्णयांच्या आधारे सांगता येत नाही, कारण तिने जे जपले त्याचा मोठा भाग जुन्या चित्रपटांवर आणि जुन्या नटनट्यांवर जीव असणाऱ्या माणसांनी आधी स्वतःच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत आणि आठवणीत सांभाळलेला होता.

ही संस्था निघण्यापूर्वी चित्रपटाच्या प्रतीचे आयुष्य कसे संपत असे, हे समजून घेण्यासाठी शहरातील चित्रगृहांपेक्षा जत्रेतील तंबूकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. टुरिंग टॉकीज, म्हणजे ट्रकवर प्रक्षेपक, पडदा, कनाती आणि तिकिटाची खिडकी लादून गावोगाव फिरणारा सिनेमा, हा पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांचा तमाशाइतकाच ठरलेला भाग होता. आणि जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात, जिथे नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपाऱ्या तिथेच ठरतात, तिथे प्रेक्षकाला या दोन्ही करमणुकींची तुलना करण्याची सवय जडली होती. तंबूत येणारी प्रत बहुधा शहरांतून फिरून थकलेली असे. चित्रपटाची रिळे पत्र्याच्या पेटीतून येत, आणि ‘पेटी आली’ एवढे कळले की खेळ होणार हे नक्की होई. प्रक्षेपकात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून उजेड केला जाई. कांड्या जळून आखूड होत जात तसतसे ऑपरेटर त्या हाताने जुळवत राही, आणि त्याचे लक्ष चुकले की पडद्यावरचा नायक पिवळा पडून विझू लागे. फिल्म तुटली तर दोन्ही टोके कापून चिकटवली जात, आणि दर जोडणीबरोबर चित्रपटातील काही चौकटी कायमच्या जात. एकच चित्रपट दोन गावांच्या जत्रांत पाहणाऱ्याला दुसऱ्या खेपेला गाण्याचे एखादे कडवे कमी आढळत असे, ते यामुळेच.

अशा प्रती फिरून फिरून निकामी झाल्या की त्यांचे मोल त्यांच्यावरील चांदीपुरते उरे. कृष्णधवल फिल्मवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचे बनलेले असते आणि रासायनिक प्रक्रियेने ती चांदी वेगळी काढता येते. चांदी निघाल्यावर उरणारी पट्टी बांगड्या करणाऱ्यांकडे जाई. त्यातच १९५०च्या सुमारापर्यंत वापरात असलेली फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही असून एकदा पेटल्यावर पाण्यानेही विझत नाही, शिवाय कालांतराने तो आपोआप चिकट होऊन भुकटीत बदलतो. त्याच्या जागी आलेली ॲसिटेटची ‘सुरक्षित’ फिल्म पेट घेत नसली, तरी दमट हवेत तिच्यातून आम्ल सुटू लागते, डबा उघडताच शिरक्याचा आंबूस वास येतो, आणि एका डब्यातील हा रोग शेजारच्या डब्यांनाही लागतो. निर्मात्यांच्या लेखी जुना चित्रपट म्हणजे गोदामभाडे वाढवणारी, आग लागण्याची भीती असलेली आणि पुन्हा उत्पन्न न देणारी वस्तू होती. त्यामुळे मूकपटांच्या काळात भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे चित्रपटांपैकी मोजकेच उरले, आणि जे उरले त्यांतलेही बरेच तुकड्यांतच उरले.

या विनाशाच्या काळातही एका संस्थेच्या चित्रपटांना तुलनेने बरे दिवस लाभले. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी स्थापन केलेली प्रभात फिल्म कंपनी १९३३मध्ये पुण्यात आली, आणि पुढच्या दशकात ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘संत ज्ञानेश्वर’, ‘शेजारी’ असे चित्रपट तिने दिले. त्यांपैकी दामले-फत्तेलाल यांच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’ने मुंबईत वर्षभराहून अधिक काळ मुक्काम ठोकला आणि १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरव मिळवला, परंतु चित्ररसिकतेच्या इतिहासात या चित्रपटाचे खरे स्थान वारीच्या वाटेवरील गावांत ठरले. देहू आणि आळंदी ज्या जिल्ह्यात आहेत तेथील प्रेक्षक तुकोबांचे अभंग पाठ असलेला होता, आणि विष्णुपंत पागनीस यांच्या रूपात त्याने तुकोबांना इतके स्वीकारले की पागनीसांचा चेहरा पुढे घरोघरच्या तसबिरींत जाऊन बसला. नटावरील प्रेम आणि संतावरील भक्ती यांतील सीमा पुसली जाण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे सापडणे अवघड आहे.

प्रभात १९५३मध्ये बंद पडली. त्याआधीच, १९४९मध्ये नेमलेल्या आणि १९५१मध्ये अहवाल दिलेल्या स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने चित्रपटशिक्षण व चित्रपटांना अर्थसाह्य यांसाठी स्वतंत्र संस्था उभाराव्यात असे सुचवले होते. तदनुसार १९६०मध्ये प्रभातच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि विद्यार्थ्यांना दाखवायला जुने चित्रपट हवेत या अगदी व्यावहारिक गरजेतून चार वर्षांनी शेजारीच संग्रहालय आले. प्रारंभी त्याच्याकडे स्वतःची म्हणावी अशी इमारत नव्हती आणि संग्रहही फार थोडा होता. पुढे लॉ कॉलेज रस्त्यावरील बॅरिस्टर जयकरांचा बंगला कार्यालयासाठी मिळाला, आणि नव्वदच्या दशकात त्याच परिसरात संस्थेची आजची वास्तू उभी राहिली.

या संग्रहालयाला आकार देणारे परमेश कृष्णन नायर हे मूळचे तिरुवनंतपुरमचे. १९३३मध्ये जन्मलेले नायर चित्रपट करण्याच्या इच्छेने मुंबईला आले, तेथे आपण दिग्दर्शक होणार नाही हे त्यांनी ओळखले, आणि १९६१मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन साहाय्यक म्हणून रुजू झाले. १९६५मध्ये ते संग्रहालयात साहाय्यक अभिरक्षक झाले, १९८२मध्ये संचालक झाले आणि १९९१मध्ये निवृत्त झाले. तोवर संग्रहातील चित्रपटांची संख्या सुमारे १२,०००वर पोचली होती व त्यांपैकी सुमारे ८,००० भारतीय होते. या आकड्यांमागे असलेली वृत्ती एखाद्या शासकीय अधिकाऱ्याची कमी आणि तिकिटे जपून ठेवणाऱ्या शाळकरी मुलाची अधिक होती. मिळेल तो चित्रपट ते पाहत, अंधारात छोटी विजेरी हाती धरून वहीत रीळवार टिपणे करीत, आणि कोणत्या चित्रपटातील कोणते दृश्य कितव्या रिळात आहे हे त्यांना तोंडपाठ असे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर २०१२मध्ये केलेल्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या माहितीपटात त्यांची ही सवय दिसते, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे त्यांचे निवडीविषयीचे मत कळते: संग्रह करणाऱ्याने चांगला आणि वाईट चित्रपट असा भेद करू नये, कारण उद्याच्या अभ्यासकाला काय लागेल हे आज ठरवता येत नाही. अभिरुचीसंपन्न वर्तुळांत हे मत त्या काळी फारसे पटणारे नव्हते, हे येथे नमूद करायला हवे.

फाळके यांच्या चित्रपटांचा शोध हा नायर यांच्या कामातील सर्वांत परिचित भाग आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती, त्यांपैकी पहिले आणि शेवटचे अशी दोनच आज संग्रहात आहेत, आणि तीही मूळ चित्रपटाची नसून फाळके यांनी १९१७मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासक मानतात. १९१९च्या ‘कालिया मर्दन’चा, ज्यात फाळके यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली आहे, त्याहून बराच मोठा भाग हाती लागला. १९३३चा मल्याळी मूकपट ‘मार्तंड वर्मा’ हा तिरुवनंतपुरममधील एका पुस्तकविक्रेत्याकडे, ज्या कादंबरीवर तो बेतला होता तिच्या हक्कांच्या वादामुळे, पडून राहिला होता आणि म्हणूनच टिकला. वादामुळे चित्रपट वाचल्याचे हे बहुधा दुर्मीळ उदाहरण असावे.

याउलट अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’, १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला भारतीय बोलपट, मिळाला नाही. त्याची रिळे चांदीसाठी केव्हाच गेली असल्याचे इराणी कुटुंबीयांकडून नायर यांना समजले. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले तरी तालुक्याचे नाव आंबेगावच राहिले, तशीच या चित्रपटाची स्थिती आहे. त्याचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, जाहिराती आहेत, छायाचित्रे आहेत, आणि चित्रपट मात्र कोणालाच पाहता येत नाही. बाबुराव पेंटर यांचा १९२५चा मूक ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांतारामांनी कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची भूमिका केली होती, हादेखील असाच हरवला. शेतीवर जगणाऱ्या तालुक्यांच्या दृष्टीने ही हानी ‘आलम आरा’पेक्षा मोठी मानावी लागेल, कारण भारतीय पडद्यावर खेड्यातील कर्जबाजारीपणा इतक्या वास्तव रीतीने त्यापूर्वी आलेला नव्हता. १९३६मध्ये पेंटर यांनी तीच कथा बोलपटात पुन्हा सांगितली, तरी मूक चित्रपटाची जागा तिला घेता आली नाही, असे दोन्ही पाहिलेल्या समकालीनांचे मत होते.

जपलेला चित्रपट दाखवला नाही तर तो जपण्यात अर्थ नाही, ही संग्रहालयाची दुसरी भूमिका होती, आणि तिच्यासाठी फिल्म सोसायट्यांचे जाळे उपयोगी पडले. फिल्म सोसायटी म्हणजे वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठी, नफ्याचा हेतू न ठेवता, चित्रगृहांत सहसा न लागणारे चित्रपट मिळवून दाखवणारी आणि खेळानंतर त्यांवर चर्चा करणारी मंडळी. सत्यजित राय आणि त्यांचे सहकारी यांनी १९४७मध्ये कोलकात्यात अशी सोसायटी काढली. १९५९मध्ये राय यांच्याच अध्यक्षतेखाली देशभरातील सोसायट्यांचा महासंघ झाला. मराठी भाषकांत या चळवळीचे मोठे केंद्र ठरले ते ५ जुलै १९६८ रोजी मुंबईत स्थापन झालेले प्रभात चित्र मंडळ, ज्याने पुण्याच्या कंपनीचे नाव अभिमानाने घेतले, दिनकर गांगल व सुधीर नांदगावकर यांच्यासारखे कार्यकर्ते दिले, आणि पुढे ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक चालवून चित्रपटावर मराठीत गंभीरपणे लिहिण्याची सवय लावली. पुण्यात आशय फिल्म क्लबने सतीश जकातदार आणि वीरेंद्र चित्राव यांच्या पुढाकाराने हेच काम संग्रहालयाच्या सान्निध्यात केले. या सर्वांना संग्रहालय १६ मिलिमीटरच्या प्रती पाठवीत असे. ही फिल्म चित्रगृहातील ३५ मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा अरुंद असून तिचा प्रक्षेपक एका माणसाला उचलता येण्याजोगा असल्यामुळे शाळेच्या वर्गातही खेळ करता येई. प्राध्यापक सतीश बहादूर यांच्यासह फिल्म इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय यांनी चालवलेला उन्हाळी रसग्रहण वर्ग, ज्यात शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, बँक कर्मचारी असे नाना व्यवसायांचे लोक काही आठवडे रोज चित्रपट पाहून त्यांवर बोलत, हा याच कामाचा विस्तार होता.

या प्रसाराची सर्वांत धाडसी कसोटी कर्नाटकातील हेग्गोडु या सुपारीबागांच्या खेड्यात झाली. तेथे १९४९पासून काम करणाऱ्या नीनासम् या संस्थेचे के. व्ही. सुब्बण्णा यांनी नायर आणि बहादूर यांना बोलावून घेतले, आणि ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘राशोमोन’ यांसारखे चित्रपट शेतकऱ्यांना व मजुरांना दाखवले गेले. खेड्यातील प्रेक्षकाला हे समजणार नाही, हा शहरी समज त्या प्रयोगाने खोटा ठरवला. ‘सेल्युलॉइड मॅन’मध्ये तेथील लोक अनेक वर्षांनंतरही या चित्रपटांतील प्रसंगांविषयी नेमकेपणाने बोलताना दिसतात. ज्या प्रेक्षकाने तमाशातील वगाची रचना, सवालजवाबातील डाव आणि सोंगाड्याचे अचूक वेळेचे विनोद पिढ्यान्‌पिढ्या पारखले आहेत, त्याच्याबाबत तर असा समज मुळातच निराधार होता.

तमाशाप्रधान मराठी चित्रपटांच्या बाबतीत हे विशेषकरून जाणवते. १९४७चा ‘लोकशाहीर राम जोशी’, अनंत माने यांचा १९५९चा ‘सांगत्ये ऐका’, ज्याने पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे पूर्ण केले, आणि शांतारामांचा १९७२चा ‘पिंजरा’ हे चित्रपट या भागातील रसिकांनी पडदा आणि फड असे दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून पाहिले. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांची लावणी प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने हंसा वाडकर किंवा जयश्री गडकर यांच्याविषयी दिलेला अभिप्राय हा चित्रपटसमीक्षेचाच एक प्रकार होता, जरी तो कोठे छापला गेला नाही.

फिल्म सोसायटी चळवळीने अशा रसिकाकडे, आणि एकूणच नटनट्यांच्या चाहत्यांकडे, काहीशा तुच्छतेने पाहिले हे मान्य करावे लागते. दिग्दर्शकाला चित्रपटाचा कर्ता मानणाऱ्या सभासदाला सुलोचनाबाईंनी केलेल्या आईच्या भूमिकांवर किंवा राजा परांजपे यांच्या ‘पेडगावचे शहाणे’वर तासन्‌तास बोलणारा चाहता भाबडा वाटे. परंतु संग्रहालयाच्या कपाटांकडे पाहिल्यास हा भाबडेपणा किती उपयोगी पडला ते कळते. चित्रगृहाबाहेर आणि जत्रेत आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या गाण्याच्या चोपड्या, ज्यांत कथेचा सारांश ‘पुढील भाग रुपेरी पडद्यावर पाहा’ अशा धाटणीने अर्ध्यावर तोडलेला असे, या हरवलेल्या चित्रपटांविषयी उरलेला अनेकदा एकमेव लेखी पुरावा आहेत. आणि त्या निर्मात्यांनी जपल्या नव्हत्या, चाहत्यांनी जपल्या होत्या. भित्तिपत्रके, छायाचित्रे, ध्वनिमुद्रिका आणि नाशिकच्या ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकांचे अंक यांचेही तसेच. इसाक मुजावर यांच्यासारख्या लेखकाने मराठी चित्रपटाचा जो इतिहास उभा केला, तो पदवीच्या जोरावर नव्हे, तर आयुष्यभर चित्रपट आणि त्यातील माणसे यांच्या सहवासात रमल्यामुळे. सोसायटीचा सभासद आणि नटाचा चाहता हे दोघे वेगळे आहेत, हा समज संग्रहालयाच्या नोंदवहीत टिकत नाही.

दूरदर्शनने या रसिकतेला घर मिळवून दिले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले, आणि शनिवारच्या संध्याकाळी मराठी व रविवारी हिंदी चित्रपट हा आठवड्याचा नेम होऊन बसला. ज्यांच्या घरी संच असे त्यांच्या ओसरीवर आळी जमे. आजीने तंबूत पाहिलेला चित्रपट नातवंडे तिच्याच शेजारी बसून पाहत, आणि पुढच्या प्रसंगात काय होणार हे ती आधीच सांगून टाकी. पुढे व्हिडिओ आला, तंबू ओस पडू लागले आणि १६ मिलिमीटरच्या प्रतींची मागणीही ओसरली.

८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील, प्रभातच्या काळापासूनच्या साठवणखोलीला आग लागून संग्रहालयाची तेथे ठेवलेली नायट्रेट रिळे जळाली. त्यांत प्रभातच्या चित्रपटांची मूळ रिळेही होती. त्यांपैकी बहुतेकांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच काढलेल्या असल्याने ते चित्रपट पाहता येतात. मात्र प्रतीची प्रत काढताना चित्रातील बारकावा दर पायरीला कमी होत असल्यामुळे, दामल्यांनी आणि फत्तेलालांनी ज्या उजेडात ते पाहिले तो उजेड पुन्हा मिळणे नाही. त्यानंतरच्या दशकात राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान या नावाने सुमारे ५९७ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, जिच्यात रिळांची तपासणी, दुरुस्ती आणि अंकीय रूपांतर, म्हणजे प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे टिपून ती संगणकावर स्वच्छ करणे, अशी कामे येतात. २०१६मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजकडून १९१९च्या ‘बिल्वमंगल’ या मूकपटाचा उरलेला भाग मिळाला आणि बदल्यात १९३१च्या ‘जमाई बाबू’ची प्रत तिकडे गेली. नायर यांचे ४ मार्च २०१६ रोजी पुण्यात निधन झाले. मार्च २०२२मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले, आणि या निर्णयावर चित्रपटक्षेत्रातील अनेकांनी जाहीर चिंता व्यक्त केली, कारण महामंडळ मुळात चित्रपटनिर्मितीसाठी स्थापन झालेले आहे.

या काळात जुन्नर-आंबेगावने स्वतःही पडद्यावर भर घातली. राजुरीचे मंगेश हाडवळे यांचा २००८मध्ये प्रदर्शित झालेला ‘टिंग्या’, ज्यात बिबट्याच्या भीतीत आणि कर्जात जगणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचा बैलावरील जीव आहे, हा पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ने सुरू केलेल्या परंपरेतील चित्रपट असून त्यातील बालनटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्मवर चित्रित होणाऱ्या मराठी चित्रपटांच्या अखेरच्या वर्षांतला असल्यामुळे तो जपण्याचा प्रश्नही जुन्याच पद्धतीचा आहे. त्याच्यानंतर आलेल्या, केवळ संगणकाच्या तबकडीवर असणाऱ्या चित्रपटांचा प्रश्न त्याहून कठीण आहे, कारण नायट्रेटचे रीळ शंभर वर्षांनंतरही उजेडाकडे धरून पाहता येते, तर दहा वर्षांपूर्वीची तबकडी चालवणारे यंत्रच बाजारात उरत नाही. संग्रहालय चित्रपटांबरोबर आजही चोपड्या, भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि घरगुती फिल्म देणगी म्हणून स्वीकारते, आणि अशी सामग्री बहुधा शहरातील बंगल्यांपेक्षा जत्रेच्या गावांतील जुन्या पेट्यांत अधिक निघते.